अर्धी प्रदक्षिणा

तारामतीबाई ट्रॅकवर पडल्या तेव्हा बब्रुवान सरांच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो "चुकलं आमचं."

पुढचे तीन आठवडे सरांना त्या दोन शब्दांची अशी चीड येत राहिली, की जेवताना घास तोंडात फिरायचा. त्यांच्या आयुष्यात रागाला तशी फार जागा नव्हती. बत्तीस वर्षं शाळेच्या ग्रंथालयात काढलेली. कुणी पुस्तकाची पानं फाडून आणली तरी ते पोराला न बोलता स्वतःच डिंक लावून चिकटवायचे. आता मात्र आंघोळ करता करता ते मधेच थांबायचे, दात आवळायचे. राग सायकलवाल्यावर होताच, पण त्याहून जास्त स्वतःवर होता.

नदीकाठचा हा ट्रॅक झाला त्याला दोन वर्षं झाली. पुलापासून महादेवाच्या देवळापर्यंत अर्धा किलोमीटर, लाल-करडे पेव्हर ब्लॉक, कडेला सिमेंटची बाकं. धाराशिवहून साहेब आले, फीत कापली, फोटो झाले. ट्रॅक देवळापाशी संपत नाही. तो देवळाला मागून वळसा घालतो आणि परत त्याच वाटेला येऊन मिळतो. सायकलींसाठी त्यावर पांढरे बाण काढलेत. हे बाण काढताना ठेकेदाराच्या एक गोष्ट ध्यानात आली नाही, आणि गावातही कुणी ती त्याला सांगितली नाही, कारण ती सांगावी लागते असं कुणाच्या मनातच आलं नाही. महादेवाला पुरी प्रदक्षिणा घालत नाहीत. पिंडीवरचं पाणी ज्या दगडी पन्हळीतून बाहेर पडतं ती ओलांडायची नसते. पन्हळीपर्यंत जायचं आणि तिथूनच मागं फिरायचं. पन्हळीचं पाणी आता ब्लॉकखालच्या पाईपातून नदीत जातं. पण ज्यांचे पाय साठ वर्षं तिथं थांबले, ते आजही तिथंच थांबतात आणि माघारी वळतात. बाण त्यांना पुढं जा म्हणत असतो.

सरांच्या बायकोला, तारामतीबाईंना, दीड वर्षापूर्वी अर्धांगवायूचा झटका येऊन गेला. बोलणं परत आलं, उजवा पाय मात्र ओढत चालावं लागे. सोलापूरच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "रोज एक किलोमीटर, सपाट जागेवर. बसून राहिल्या की पाय गेला म्हणून समजा." गावातल्या रस्त्यांवर सपाट जागा कुठली? एक हा ट्रॅकच. सकाळी सहाला दोघं निघायचे. बाई काठी टेकत पुढं, सर त्यांचा दंड धरून. देवळामागं पन्हळीपर्यंत जायचं, हात जोडायचे, वळायचं.

त्या सकाळी बाई वळल्या आणि त्याच क्षणी देवळाच्या कोपऱ्याआडून दिग्विजयची सायकल आली.

दिग्विजयचं गावात खत-बियाणांचं दुकान. पहाट सायकल मंडळाचा तो अध्यक्ष. हेल्मेट, काळा चष्मा, अंगाला चिकटलेली चड्डी, हातातल्या घड्याळात किती मिनिटं लागली त्याची मोजदाद. सायकलचं हँडल बाईंच्या खांद्याला लागलं, त्या आडव्या झाल्या, आणि मनगट अंगाखाली आलं.

"ओ आजी! बाण दिसत न्हाई का? उलट्या बाजूनं येताव!" तो ओरडला.

आणि सर म्हणाले, "चुकलं आमचं."

दिग्विजयनं लगेच फोन करून रिक्षा बोलावली, बाईंना उचलून आत बसवलंही. हे खरंच होतं, आणि या खरेपणामुळंच सरांचं डोकं अजून फिरायचं. पोरगा वाईट असता तर राग सोपा झाला असता.

मनगटाला प्लास्टर झालं. डॉक्टर म्हणाले, हाताचं काही नाही, चालणं थांबवू नका. पण बाई खाटेवरून उठेनात. "चल की थोडं," सर म्हणायचे. बाई भिंतीकडं तोंड करायच्या. दुसऱ्या आठवड्यात पाय घोट्यापासून ताठरला. तिसऱ्या आठवड्यात न्हाणीपर्यंत जायला त्यांना भिंत धरावी लागू लागली.

सरांनी ग्रामपंचायतीला अर्ज लिहायला घेतला. पहिल्यात भाषा कडक झाली म्हणून फाडला, दुसऱ्यात मवाळ झाली म्हणून. तिसरा लिहिताना त्यांना शंका आली, की खरंच तर चूक आपलीच नसेल? बाण होता. आपण उलटे आलो. मग वाटलं, महादेव आधी की बाण आधी? मग वाटलं, असं अर्जात कसं लिहायचं, लोक हसतील. अर्ज तसाच राहिला.

दूध आणायला निघाले तर वाटेत गंगम्मा भेटली. रोज सकाळी पिंडीला पाणी घालून पन्हळीपर्यंत फेरी घालणारी ती म्हातारी. मूळची कर्नाटकाच्या बाजूची, जिभेला धार.

"सर, पाटी बघितलाव का न्हाई?"

"कसली पाटी?"

"सायकलवाल्यांनी देवळाच्या कोपऱ्याला तारेनं बांधलीय. सकाळी सहा ते आठ नुसती सायकल. पायी माणसानं देवळामागं यायचं न्हाई. अन् फोनात ग्रुपवर लिव्हलंय म्हणं, माझी नात सृष्टी वाचून दाखवली. सरांनी स्वतः चूक कबूल केली, म्हणून हा नियम."

"मी कबूल केली?" सर म्हणाले.

"शिकलेला माणूस तुमी," गंगम्मा म्हणाली. "दोन शब्द बोललाव अन् आमा समद्यांच्या पायात बेडी घातलाव. मी काय आता आठनंतर देवाला पाणी घालू? देवाला उठवून सांगू, थांब बाबा, पोरांची शर्यत व्हायची हाय?"

दूध न घेताच सर माघारी फिरले.

दुसऱ्या दिवशी सहा वाजता सर पन्हळीपाशी जाऊन ट्रॅकच्या मधोमध उभे राहिले. वळणाआडून चाकांचा आवाज आला. पुढं दिग्विजय, मागं चार-पाच जण.

"सर, सरका! सरका!"

"उतर," सर म्हणाले. आवाज चिरकला. त्यांनी परत म्हटलं, "उतर खाली!"

ब्रेक करकचून लागले. चाक त्यांच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर थांबलं.

"काय झालं सर?"

"देवळामागं सायकल हातात धरून न्यायची. सगळ्यांनी."

"कुणी सांगितलं?"

"मी सांगतोय."

मागून कुलदीप हसला. पेट्रोल पंपावर कामाला असलेला, सरांच्याच शाळेतला. "सर, लायब्ररीत तुमी शांतता राखा म्हणायचाव. आता तुमीच वरडायला लागलाव!"

सगळे हसले. त्या हसण्यानं सरांच्या आत काहीतरी सुटलं.

"बत्तीस वर्षं राखली शांतता! आता नाही राखत! आणि कुलदीप, शाळेत असताना तू एकदाही पुस्तक न्यायला आला नाहीस, पंख्याखाली बसायला यायचास, ते मला माहीत आहे. गप्प बस!"

दिग्विजयनं चष्मा काढला. "सर, तुमीच म्हणलाव ना, चुकलं आमचं?"

"खोटं बोललो! भिऊन बोललो. माझी बायको जमिनीवर पडली होती आणि मी तुझ्याकडं बघत होतो, तुला राग तर आला नाही ना म्हणून! चूक तुझी होती. कोपऱ्याआडचं दिसत नाही, तिथं तू जोरात आलास."

"बाण म्या काढलेत का?"

"पाटी कुणी बांधली?"

सर तडक कोपऱ्याकडं गेले आणि पाटी ओढायला लागले. तार निघेना. त्यांनी दोन्ही हातांनी हिसडा दिला, बोट कापलं, पाटी एका बाजूनं सुटून वाकडी लोंबत राहिली. त्यांना स्वतःचीच लाज वाटली, तरी थांबता येईना. दुसऱ्या बाजूची तार पाणी घालायला आलेल्या गंगम्मानं पिळून काढली.

"तुझी आजी बी हितूनच माघारी फिरायची की रं, दिग्विजय," ती म्हणाली. "तिला बी पाडला असताव का?"

दिग्विजय सायकलवरून उतरला. मारायला उतरला की चालायला, ते क्षणभर कुणालाच कळलं नाही. मग सायकल ढकलत तो सरांच्या बाजूनं गेला. "तुमच्या वयाकडं बघून उतरलो, हां."

"वयाकडं बघू नकोस," सर म्हणाले. "वळणाकडं बघ."

सर तसेच घरी आले. बोटाला रुमाल गुंडाळलेला. त्यांनी बाईंना सगळं सांगितलं, कुलदीपचा पंखासुद्धा. बाई हसतील असं त्यांना वाटलं होतं.

बाई हसल्या नाहीत.

"झालं?" त्या म्हणाल्या. "माझ्या वतीनं माफी तुमीच मागितलाव. माझ्या वतीनं भांडलाव बी तुमीच. मला कुणी इचारलं?"

"अगं, पण मी तर…"

"तुमाला काय वाटलं, सायकलीला भिऊन झोपले मी? तीन आठवडे मला तुमच्या हाताचा आधार नको झालाय. चुकलं आमचं, म्हणे. आमचं? पडले मी. तुमी उभे होताव."

सर खाली बसले. त्यांना सगळं दिसलं: भिंतीकडं वळवलेलं तोंड, 'चल की' म्हटल्यावर ताठ होणारे खांदे. पाय ताठरत गेला तो त्यांच्यापायी. तो बाईंचा राग होता, आणि इतके दिवस ते त्याला भीती समजत होते.

"मग मी काय करू?" त्यांनी विचारलं.

"काय करू नका. उद्या मी जाणार. यायचं असलं तर मागं या. दंड धरायचा न्हाई."

दुसऱ्या दिवशी अर्ध्या किलोमीटरला पाऊण तास लागला. बाई दोनदा बाकावर बसल्या. एकदा काठी घसरली, सरांचे हात आपोआप पुढं झाले आणि त्यांनी ते मागं ओढून पाठीशी घट्ट धरले. त्यांचा संताप होत होता, ब्लॉकवर, पायावर, उगवत्या उन्हावरसुद्धा.

बाई पन्हळीपाशी पोचल्या. मागून सायकली आल्या. दोघं उतरून ढकलत होते, बाकीचे बसूनच हळू चालवत होते. त्यांच्यात दिग्विजयही. कुणीतरी घंटी वाजवली.

"वाजव," बाई मागं न बघता म्हणाल्या. "देवापुढं घंटी चालती. वाजव अजून."

घंटी बंद झाली. बाईंनी एका हातानंच नमस्कार केला, प्लास्टरचा हात तसाच गळ्यात. सावकाश वळल्या. आता त्या बाणाच्या उलट आणि सायकलींच्या समोर होत्या. दिग्विजयनं एक पाय जमिनीला टेकला.

"आजी, दमानं या."

"दमानंच येतेय," बाई म्हणाल्या. "तू दोनी पाय टेक."

दिग्विजयनं दुसरा पाय खाली टेकला. बाईंनी उजवा पाय ओढून पुढं घेतला, आणि दहा पावलांवर उभे असलेले सर वाट सोडून कडेला झाले.