बाईसाहेबांच्या दोन वाट्या

बायको गेल्याचं फ्रेमवाल्याला हॉस्पिटलच्या जिन्यात कळलं. त्याच्या एका हातात तिचा धुतलेला गाऊन होता, दुसऱ्या हातात चहाचा थर्मास. वरून उतरणारे डॉक्टर त्याला बघून दोन पायऱ्या आधीच थांबले.

"ऑपरेशनच्या टेबलावरच गेल्या. गाठ पसरली होती. फार उशिरा आणलंत," ते म्हणाले.

शेजारी बायकोची धाकटी बहीण उभी होती. ती शाळेत शिकवायची, म्हणून घरातही सगळे तिला बाईच म्हणत. बाईंनी त्यातलं 'ऑपरेशनच्या टेबलावर' एवढंच ऐकलं. पुढचं कानावरून गेलं.

दुपारपर्यंत घर माणसांनी भरलं. घर म्हणजे पुढे फोटोफ्रेमचं दुकान आणि मागे दोन खोल्या. कोणी भिंतीला टेकून बसलं होतं, कोणी दुकानातल्या काचांना धक्का लागू नये म्हणून अंग चोरून उभं होतं. आणि तेवढ्यात मांजर आली.

या मांजरीचं नाव बायकोने 'बाईसाहेब' ठेवलं होतं, कारण तिचे जेवणाचे नखरे तसेच होते. बायको हॉस्पिटलात गेल्यापासून मांजरीने स्वतःच्या पाण्याच्या वाटीला तोंड लावलं नव्हतं. आज ती सगळ्यांच्या देखत बायकोच्या पलंगाजवळच्या स्टुलावर चढली. तिथे बायकोचा पाण्याचा पेला तसाच भरलेला होता. मांजरीने आधी पंजा बुडवला, पाणी हलवलं, पंजा चाटला. मग पेल्याच्या काठाशी वाकून निवांत पाणी प्यायली.

"अगं बाई," इस्त्रीवाली मावशी पुटपुटली, "वहिनींच्या पेल्यातच."

बाई उठल्या, स्टुलासमोर गुडघ्यांवर बसल्या आणि मांजरीला हात जोडून म्हणाल्या, "ताई, तू आलीस."

बस, एवढं पुरे झालं. संध्याकाळपर्यंत गल्लीच्या दोन्ही टोकांना बातमी पोचली, आणि आठवडा उलटायच्या आत मध्यस्थ दारात उभा राहिला.

स्वच्छ शर्ट, खांद्यावर कापडी पिशवी, पिशवीत संत्री. बोलणं लोण्यासारखं. "मी बाबा नाही, महाराज नाही. मी नुसता मध्यस्थ. तुमचं टपाल तिकडे, तिकडचं टपाल इकडे."

"मग पोस्टमन म्हणा की," मावशी म्हणाली.

"म्हणा. नावात काय ठेवलंय. वहिनींना बोलायचंय, एवढं मला रस्त्यावरूनच जाणवलं."

मांजर तेव्हा नुकतीच जेवली होती आणि वाटीभोवतीची फरशी पंजाने खरवडत होती. मध्यस्थाने डोळे मिटले. "बघा, उकरतायत. मातीखाली काहीतरी राहिलंय म्हणतायत."

"फरशी आहे हो ती."

"आत्म्याला फरशी आणि माती सारखीच."

मांजरीने नळाची धार चाटली, तर वहिनींना वाहतं पाणी हवं, म्हणजे त्या प्रवासात आहेत. वाटीतला घास उचलून मांजरीने दाराशी नेऊन खाल्ला, तर वहिनी उंबरठ्यावर अडकल्या आहेत. मांजर जे करील त्याला मध्यस्थाकडे अर्थ तयार असे. ती नुसती झोपली तरी तो म्हणे, "ऐकतायत."

मग त्याने प्रश्न सुरू केले. दुकानातल्या टेबलावर सारख्या दिसणाऱ्या दोन वाट्या, दोन्हींत उकडलेल्या माशाचा एकेक तुकडा. एकीपुढे 'हो' लिहिलेला पुठ्ठा, दुसरीपुढे 'नाही' लिहिलेला. पुठ्ठे फ्रेमवाल्याच्याच दुकानातले. मांजरीला सकाळपासून उपाशी ठेवायचं. मध्यस्थ विचारणाऱ्याला समोर बसवी, पिशवीतून संत्रं काढी, हळूहळू सोली, "खा, मन शांत होतं" म्हणून अर्धं त्याच्या हातावर ठेवी. मग दोन्ही हात दोन्ही वाट्यांच्या काठावर टेकवून पुटपुटे आणि मांजरीला सोडी. मांजर दोन्ही वाट्या हुंगे आणि एकीतला तुकडा खाई. तेच वहिनींचं उत्तर.

घर घ्यावं का, मुलीला तिकडे द्यावी का, भाऊ खोटं बोलतोय का. लोकांची रांग दुकानाच्या पायरीवरून खाली गल्लीत जाई. येताना कोणी फळं आणी, कोणी पाकीट. पाकिटं कापडी पिशवीत जात.

आणि फ्रेमवाला? तो कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलेला असे. मध्यस्थाने पहिल्याच दिवशी त्याला बजावलं होतं, "तुम्ही उंबरठा ओलांडलात तर त्यांची गाठ सुटेल. मग परत यायच्या नाहीत. आणि फोटोला काच लावू नका. काचेमागे कोंडलं की आवाज बंद."

जन्मभर लोकांच्या आईबापांचे फोटो त्याने काचेमागे बसवले होते. स्वतःच्या बायकोचा फोटो मात्र टेबलाच्या खणात उघडाच पडला होता. मावशी त्याला भाजी आणून देई, दूध आणून देई. फ्रेमच्या पट्ट्या कापायच्या करवतीवर धूळ बसली. गिऱ्हाईकं येत, गर्दी बघत आणि आपले फोटो परत घेऊन जात. स्वतःच्या घरात आपण नजरकैदेत आहोत असं त्याला वाटे. पण रांगेतल्या कोणीतरी काही विचारलं आणि मांजर हलली, की त्याची छाती भरून येई. ती आहे. दाराबाहेर पाऊल टाकलं नाही, की ती आहे. असा सौदा कोण मोडील?

एके दिवशी बाई रांग सोडून थेट टेबलापाशी आल्या. त्यांच्या छातीत गाठ निघाली होती. डॉक्टरांनी लवकर ऑपरेशन करायला सांगितलं होतं, तारीखही दिली होती.

"ताई, करू का ऑपरेशन?" त्यांनी मांजरीला विचारलं.

मांजर 'हो'पाशी गेली, हुंगलं, कान मागे पाडून मान फिरवली. 'नाही'पुढचा तुकडा खाल्ला आणि फरशी खरवडली.

बाईंच्या चेहऱ्यावर इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसू आलं. "ताई स्वतः त्याच टेबलावर गेली. ती मला कशाला जाऊ देईल?"

"बाई, डॉक्टर काय म्हणाले होते ते आठवतं ना? उशिरा आणलंत म्हणाले होते," फ्रेमवाला कोपऱ्यातून म्हणाला.

"भावोजी, तुमच्यापेक्षा तिला जास्त कळतं आता."

मध्यस्थाने मान डोलावली. "रोज यायचं. वहिनींच्या पेल्यातलं पाणी घ्यायचं. सहा महिने. गाठ विरघळेल."

माणसं गेल्यावर फ्रेमवाला एकटा बसला. मध्यस्थाच्या पिशवीतलं एक संत्रं टेबलावर राहिलं होतं. भूक नव्हती, पण हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून त्याने ते सोललं आणि खाल्लं. मग मांजर पायात घोटाळायला लागली, तेव्हा मासा मोडून त्याने तिच्या रोजच्या वाटीत घातला. ती धावत आली. वाटीशी नाक नेलं आणि कान पाडून मागे सरकली. पंजा झटकला.

"माझ्यावर रागावलीस?" त्याने विचारलं.

मांजर लांब जाऊन बसली आणि त्याच्या हाताकडे बघत राहिली. त्याने हात नाकाशी नेला. संत्र्याच्या सालीचा वास.

आणि त्याला बायको आठवली. दर हिवाळ्यात ती ओरडायची तशी, कमरेवर हात ठेवून: "संत्रं सोलायचं तर बाहेर जा. त्या वासाने बाईसाहेब दिवसभर जेवत नाहीत. किती वेळा सांगू?" किती वेळा सांगितलं होतं खरंच. मांजरीचं सगळं तीच बघायची, म्हणून त्याने ते कधी मनावर घेतलंच नव्हतं.

त्याने बिनवासाच्या साबणाने हात धुतले, दुसरी वाटी घेतली, दुसरा तुकडा घातला. मांजरीने चाटूनपुसून खाल्ला.

त्याने जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावून पेल्यापासून खरवडण्यापर्यंत सगळं सांगितलं. त्यांनी मांजरीला पूर्वी सुया टोचल्या होत्या.

"पाण्याची वाटी कुठे ठेवता?" त्यांनी विचारलं.

"जेवणाच्या वाटीशेजारी. बायको असताना ती दुसऱ्या खोलीत असायची. मी एकत्र ठेवली, सोयीचं पडतं म्हणून."

"तुमच्या सोयीचं. बऱ्याच मांजरांना जेवणाशेजारचं पाणी आवडत नाही. पाण्याची वाटी कशाने धुता?"

"तो लिंबाच्या वासाचा साबण असतो ना, त्याने."

"मग ती कशाला पिईल? पेला दुसऱ्या खोलीत होता आणि त्याला साबणाचा वास नव्हता. संपलं. पंजा बुडवून बघणं, नळाची धार चाटणं, घास लांब नेऊन खाणं, जेवल्यावर जमीन खरवडणं, हे माझ्याकडे येणारी निम्मी मांजरं करतात. खरवडणं ही तर उरलेलं अन्न झाकून ठेवायची जुनी खोड. सगळ्यांच्याच अंगात कोणी आलं तर मी दवाखाना बंद करून मठ काढीन."

फ्रेमवाला हसला नाही. फोन ठेवून तो पेल्यासमोर बसला. मध्यस्थ खोटा, हे आता चटकन पटलं. पण मध्यस्थ खोटा, तर पेलाही नुसता पेला. खोलीत कोणी नाही. गप्प बसलं तर ती अजून थोडे दिवस राहील. बोललं तर ती दुसऱ्यांदा जाईल, आणि या वेळी त्याच्याच हातून. तो उठून दारापर्यंत गेला आणि परत फिरला.

मग त्याला जिना आठवला. फार उशिरा आणलंत.

दुसऱ्या दिवशी गर्दी जमली तेव्हा तो कोपऱ्यातून उठला. "आज मला विचारायचंय."

मध्यस्थ खूश झाला. "या, पहिला हक्क तुमचा." त्याने संत्रं सोललं. फ्रेमवाल्याने प्रथमच त्याच्या हातांकडे नीट बघितलं. साल उजव्या अंगठ्याने निघत होती. डावा हात कोरडा होता.

"विचारा."

"हा मध्यस्थ खरा माणूस आहे का?"

लोकांत हसू पसरलं. मध्यस्थही हसला, वाट्यांवर वाकला आणि पुटपुटला. उजवा अंगठा 'नाही'च्या वाटीच्या काठावरून सावकाश फिरला. तो मांजरीला सोडायला वळला तेवढ्यात फ्रेमवाल्याने हात पुढे केला आणि दोन्ही पुठ्ठ्यांची अदलाबदल केली. वाट्या जागच्या हलल्या नाहीत.

मांजर आली. अंगठा फिरलेली वाटी हुंगली, कान पाडले, दुसरीकडे गेली आणि खाल्लं. समोर पुठ्ठा होता 'नाही'.

"घ्या, टपाल आलं," मावशी म्हणाली.

"पुठ्ठे हलवले यांनी," मध्यस्थ म्हणाला. आवाजातलं लोणी वितळलं होतं. "आत्म्याचा अपमान केला."

"आत्म्याला वाचता येत असेल ना? मग पुठ्ठे कुठेही असोत, तिने 'हो' शोधायला हवं होतं," फ्रेमवाला म्हणाला. "बाई, इकडे या. तुम्ही मुलांना प्रयोग करून दाखवता, हा स्वतः करा."

बाई हलेनात. त्याने साध्या पाण्याने धुतलेल्या दोन वाट्या ठेवल्या, मासा घातला आणि संत्र्याची साल त्यांच्यापुढे धरली. "कुठल्याही एका वाटीला चोळा. मला सांगू नका. मी पाठ फिरवतो."

बाईंनी साल घेतली. मांजर आली आणि साल चोळलेली वाटी सोडून दुसरीतलं खाल्लं. बाईंनी नव्या वाट्या मागितल्या, या वेळी दुसऱ्या बाजूची चोळली. मांजरीने पुन्हा तीच टाळली. मावशीने करून बघितलं. पुढच्या रांगेतल्या दोघांनी करून बघितलं. तोवर मांजरीचं पोट भरलं आणि ती टेबलावरच अंग चाटत बसली.

"आता काय म्हणतायत?" कोणीतरी मध्यस्थाला विचारलं.

पण तो पिशवी खांद्याला लावून दारापर्यंत पोचला होता. "ज्याची श्रद्धा नाही त्याच्या घरी मी थांबत नाही," म्हणत त्याने काढता पाय घेतला. दोघेतिघे त्याच्यामागे गेलेसुद्धा. सगळ्यांना एका दिवसात जाग येत नाही.

बाई तिथेच बसून होत्या. बोटांना संत्र्याचा वास येत होता. "भावोजी, मग ताई कुठे आहे?"

तो त्यांच्यासमोर येऊन बसला. "नाही आहे, बाई. ती गेली. ऑपरेशनने नाही गेली, उशिराने गेली. ती असती तर तुम्हाला हात धरून घेऊन गेली असती. आता मी नेतो."

"तुम्ही उंबरठा ओलांडाल?"

"ओलांडला तर काय होतंय ते बघू की."

काहीच झालं नाही. दिलेल्या तारखेला दोघं त्याच हॉस्पिटलात गेले. तो त्याच जिन्याने चढला, मध्येच कठडा धरून थांबला, पुन्हा चढला. संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, "वेळेत आलात." हे दोन शब्द त्याने लगेच ओळखले. मागच्या वेळी तो हेच ऐकायला थर्मास घेऊन निघाला होता.

अजूनही कोणी वाट चुकून दुकानात येतं आणि मांजरीला प्रश्न विचारायचा म्हणतं. त्यांना तो बसवतो आणि सांगतो, "तिला वास कळतो, पाणी कळतं, भूक कळते. तुमच्या घराचं, मुलीचं, गाठीचं तिला काही कळत नाही. ज्याला कळतं त्याच्याकडे जा. आणि चमत्कार दिसला तर हात जोडायच्या आधी एकदा वाटी बदलून बघा. खरा असेल तर वाटी बदलल्याने बिघडणार नाही." काही जण ऐकतात. काही जण मध्यस्थाचा पत्ता विचारतात.

मांजरीचं पाणी आता दुसऱ्या खोलीत असतं, पसरट भांड्यात, जेवणापासून लांब. पेला त्याने धुऊन फडताळात ठेवला. बायकोच्या फोटोसाठी पट्ट्या कापून झाल्या आहेत, काच पुसून झाली आहे. फोटो खणातून काढून त्यात बसवायचा तेवढा राहिला आहे.