हत्तीखालची वस्ती

पृथ्वीचे गोल दोन, आकाशाचा एक, भिंतीवर काचेत बसवलेले नकाशे चौदा. एका काचेला तडा, बाकी सगळे शाबूत. बन्सीधरने मोजणी संपवली आणि फडके खांद्यावर टाकले.

"बराबर?" जहागीरदारांनी बैठकीवरूनच विचारले.

"बराबर, साहेब."

"मग तो हिंदुस्थानचा नकाशा खाली उतरवा. तहसीलदारसाहेबांना आज तोच दाखवायचा आहे."

बन्सीधरचा हात चौकटीवर तसाच राहिला. आज तहसीलदार कशासाठी येणार, हे त्याला ठाऊक होते. दुधना नदीकाठच्या म्हसोबाच्या वस्तीचा निकाल होता. जहागीरदारांना तिथे मोसंबीची बाग लावायची होती. वस्तीचे म्हणणे होते की आम्ही इथे जहागिरीच्या आधीपासून आहोत. त्या वस्तीतच बन्सीधर जन्मला होता आणि त्याची मावशी, धुरपताबाई, अजून तिथेच राहत होती.

तो परभणीच्या शाळेत भूगोल शिकवायचा. हैदराबाद संस्थानात शुक्रवारी शाळेला सुट्टी, म्हणून सायकलने झरीच्या अलीकडच्या या हवेलीवर यायचा. कसर झटकायची, काचा पुसायच्या, गोलांच्या खिळ्यांना तेलाचे बोट लावायचे. जहागीरदारांच्या आजोबांनी ही सारी चीजवस्तू हैदराबादहून आणली होती. सगळी एकाच फ्रेंच नकाशाकाराची होती. समुद्रात देवमासे, कोपऱ्यात गाल फुगवून वारा फुंकणारी पोरे, आकाशाच्या गोलावर विंचू आणि अस्वल. हिंदुस्थानच्या नकाशावर साल होते १७६१. बन्सीधरचा त्या नकाशावर जीव होता. दसऱ्याला पाहुण्यांसमोर तो म्हणाला होता, "एवढा काटेकोर नकाशा त्या काळात दुसरा नसेल." किनाऱ्यापुरते ते खरे होते. तेवढे मात्र तो बोलला नव्हता.

तहसीलदार दुपारी आले. वस्तीची माणसे ओसरीवर उभी राहिली. जहागीरदारांनी छडीचे टोक काचेवर ठेवले.

"एकशे पंच्याऐंशी वर्षांमागचा नकाशा आहे, साहेब. ही गोदावरी. इथं बघा, ही वस्ती कुठं आहे?"

तहसीलदारांनी चष्मा वर केला. छडीखाली एक हत्ती होता. पाठीवर अंबारी, पुढे गुडघे टेकलेली उघडी माणसे, त्यांच्या हातात फळांच्या परड्या.

"इथं तर हत्ती आहे."

"तेच म्हणतो मी. जंगल होतं. ही मंडळी मागून येऊन बसली. नकाशा कसा आहे ते मास्तरांना विचारा. ते तर याच वस्तीचे, त्यांची मावशी ती काय ओसरीवर उभी."

"मास्तर, नकाशा सच्चा आहे?"

बन्सीधरने खांद्यावरचे फडके खाली ठेवले. "किनारा सच्चा आहे, साहेब. आतला मुलूख त्या माणसानं पाहिलाच नव्हता. जिथं काही ठाऊक नाही तिथं त्यानं चित्र काढलं. यात परभणीसुद्धा नाही."

"परभणीला कोण उठवायला निघालंय?" जहागीरदार म्हणाले. तहसीलदार हसले.

"साहेब, खाली पट्टी दिली आहे. एका इंचाला चाळीस मैल. हत्ती पावणेदोन इंच आहे. म्हणजे सत्तर मैल उंच. असा हत्ती कुणी पाहिलाय? त्याच्या पोटाखाली निम्मा जिल्हा झाकला जातो. त्यात वस्ती दिसायची कशी?"

त्याचा आवाज चढला होता. ओसरीवरून वस्तीतला मुंजाजी म्हणाला, "येवढा हत्ती व्हता तर आमच्या हिरीचं पानी कसं काय उरलं, ते बी इचारा."

या वेळी कुणी हसले नाही. तहसीलदारांनी घड्याळ पाहिले. "मास्तर, दसऱ्याला मीही इथं होतो. काटेकोर म्हणाला होतात तुम्ही. आता मावशी आली म्हणून नकाशा खोटा?"

हुकूम तिथेच झाला. पाडव्याच्या आत जागा मोकळी करायची.

बाहेर धुरपताबाई चप्पल शोधत होती. बन्सीधर पुढे झाला तशी ती बाजूला सरकली.

"बन्शा, दर शुक्रवारी ते पुसायला येतूस न्हवं? पूस. लखलखीत पूस. त्यात हत्ती मावला अन आमी न्हाई मावलो."

"मावशे, मी सांगितलं की त्यांना."

"आज सांगितलंस. दसऱ्याला तुह्या तोंडात काय लाडू व्हता?"

पुढच्या शुक्रवारी तो हवेलीवर गेला नाही. पण घरीही त्याला चैन पडेना. वहीत हत्ती काढून तो त्यावर एवढ्या रेघोट्या ओढायचा की कागद फाटायचा. त्याला जहागीरदारांचा राग होता, तहसीलदारांचा होता, आणि आयुष्यात कधी दख्खन न पाहता आपल्या गावावर हत्ती बसवणाऱ्या त्या मेलेल्या फ्रेंच माणसाचा तर सगळ्यात जास्त होता.

पाडव्याच्या आठवडाभर आधी हवेलीची माणसे पहारी घेऊन वस्तीत शिरली. घरांच्या लाकडांच्या गाड्या भरून झाल्या होत्या. म्हसोबा राहिला होता. बन्सीधर सायकल टाकून धावत गेला, तोवर पहार देवाखाली गेली होती. देव हलला, आडवा झाला आणि शेंदराचे कवच फुटून गळून पडले. आतला दगड जेमतेम नारळाएवढा निघाला.

"बोट लावू नका," धुरपताबाई माणसांवर कडाडली. ती खाली बसून कवचाचे तुकडे लुगड्याच्या पदरात गोळा करू लागली. गळालेला शेंदूर नदीत सोडायचा असतो. वस्तीची रीत कडक होती. वर्षातून एकदाच, पाडव्याला, तिच्याच घरातल्या थोरल्या बाईने शेंदराचा एक हात द्यायचा. एरवी फूल वाहायचे, पण देवाला शिवायचे नाही. मग नख किंवा पाते लावायचा तर प्रश्नच नव्हता.

बन्सीधरने एक तुकडा उचलला. तुटलेल्या कडेला शेंदराच्या तांबड्या रेघा होत्या आणि दर दोन रेघांमध्ये पावसाळ्यातल्या गाळाची बारीक काळी रेघ. बुंध्याच्या कापासारखी. तुकड्यात कवचाची पूर्ण जाडी होती. एका बाजूला दगडाचा खरखरीत ठसा, दुसऱ्या बाजूला गेल्या पाडव्याचा ओलसर तेलकटपणा.

"दे तो इकडं. पान्यात सोडायचाय."

"मावशे, थांब. मोजू दे."

"अजून मोजायचंच हाय तुला?"

"हे एवढंच. मग सोड."

ती मग नदीच्या वाळूत बसली आणि शेजारचे गोटे ओढून घेतले. तिला विसांतच मोजता यायचे. बन्सीधरने खिशातून भिंग आणि सुई काढली आणि सुईचे टोक एकेका तांबड्या रेघेवर टेकवत दगडाकडून बाहेर मोठ्याने मोजू लागला. वीस झाले की ती एक गोटा पुढे ठेवायची. मध्ये एकदा त्याची सुई घसरली. तो पुन्हा पहिल्यापासून मोजू लागला, आणि तिने गोटे परत मागे घेतले.

शेवटची रेघ संपली तेव्हा तिच्यापुढे दहा गोटे होते, आणि वर सात रेघा. नकाशाच्या वयापेक्षा बावीस जास्त.