कलम नऊची बोलणी

माझा नवरा विमान चालवतो. उतरायला दहा मिनिटं उशीर झाला तर माइकवरून दीडशे अनोळखी माणसांची माफी मागतो. घरी यायला सहा वर्षं उशीर झालाय, त्याबद्दल मात्र एवढंच म्हणतो, "बोलणी चालू आहेत."

कंपनीने त्याला नेमलंय ते शहर आमच्या घरापासून सातशे किलोमीटरवर. त्याची उड्डाणं तिथूनच सुरू होतात आणि तिथेच संपतात. तिथे तो आणखी तीन वैमानिकांबरोबर भाड्याच्या घरात राहतो आणि महिन्यातले सहा दिवस आमच्याकडे पाहुणचाराला येतो. वैमानिकांच्या संघटनेने कंपनीपुढे नवा करार ठेवलाय. त्यातलं नववं कलम असं, की ज्याचं घर जिथे, त्याची नेमणूक तिथल्या विमानतळावर. नवरा संघटनेचा चिटणीस असल्यामुळे हे कलम म्हणजे आमच्या घरात जवळजवळ पाचवं माणूस आहे. बोलणी सुरू झाली तेव्हा मुलगी तिसरीत होती. आता ती नववीत आहे आणि चमचे कुठल्या खणात असतात ते बापाला दाखवते.

"तुमच्या लग्नाची बोलणी दोन कप चहात उरकली होती," सासूबाई म्हणतात. "तेही हिचे वडील एवढे चिकट असताना."

इथे पहिले चार महिने, बैठक कंपनीच्या इमारतीत घ्यायची की हॉटेलात, यावरच गेले. मग कंपनीचे साहेब बदलू लागले. दरवर्षी नवा साहेब यायचा, 'मला आधी विषय समजून घेऊ द्या' म्हणायचा आणि ये रे माझ्या मागल्या. तिसऱ्या साहेबाने तर प्रत्येक बैठकीआधी सूर्योदयाची चित्रं दाखवून अर्धा तास सहकार्यावर भाषण द्यायचा पायंडा पाडला. नमनालाच घडाभर तेल. मध्यंतरी वैमानिकांनी निषेध म्हणून छातीवर लाल बिल्ले लावले. प्रवाशांना वाटलं कंपनीचा वर्धापनदिन आहे. दोघातिघांनी अभिनंदनही केलं म्हणे.

मी हसते खरी, पण माझंही एक घोडं त्यात अडलं होतं. मी सरकारी कचेरीत लघुलेखक आहे. लोक बोलतात, मी लिहून घेते आणि नंतर इतिवृत्त तयार करते. मला दोनदा बढती आली, दोन्ही वेळा दुसऱ्या शहरात, आणि दोन्ही वेळा मी नाही म्हटलं, कारण नवरा म्हणाला होता, "तू हललीस तर मी येऊ कुठे? कलम नऊ आता झालंच म्हण." गेल्या महिन्यात तिसऱ्यांदा पत्र आलं, तेही इथलं नाही आणि नवऱ्याच्या नेमणुकीचंही नाही अशा शहराचं. आमच्या कचेरीत तिसऱ्यांदा नकार दिला की नाव बढतीच्या यादीतून कायमचं कटतं. उत्तर शुक्रवारी द्यायचं होतं आणि त्यांची सत्तेचाळिसावी बैठक होती गुरुवारी. नवरा म्हणाला, ही शेवटचीच, यंदा साहेबाच्या जागी आलेल्या नवीन बाई कामाच्या आहेत.

मंगळवारी सकाळी तो एका दिवसाची रजा काढून आला आणि त्याने सहा वर्षांच्या इतिवृत्तांची फाईल माझ्यापुढे ठेवली. म्हणाला, "तुझ्या हातचं काम आहे. कुठे काय ठरलं त्याचं एक टिपण करून दे."

मी चष्मा लावून बसले. अकराव्या बैठकीपाशी थांबले. तिथे लिहिलं होतं: "कंपनी: कलम नऊ मागे घेण्यात यावे. संघटनेचे अध्यक्ष: कलम नऊ मागे घेण्यात यावे. मान्य."

"अध्यक्ष खरंच असं म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणाले. म्हणजे परत म्हणाले. समोरच्याला कळायला नको का, की आपल्याला नीट ऐकू आलंय?"

इथे जरा सांगायला हवं. विमानात असताना विमानतळाचा टॉवर जे सांगेल ते वैमानिकाने जसंच्या तसं परत म्हणायचं असतं. अध्यक्षांची तीस वर्षं त्यात गेलेली. सवय इतकी हाडीमासी भिनली आहे, की एकदा ते आमच्याकडे जेवायला आले असताना मी "हात तिकडे धुवा" म्हटलं तर गंभीरपणे म्हणाले, "हात तिकडे धुतो." कंपनीच्या लघुलेखिकेला हे कोण सांगणार? एकाने म्हटलं, दुसऱ्याने तेच म्हटलं, तिने 'मान्य' लिहिलं. मीही तेच लिहिलं असतं.

"आणि नंतर, आम्हाला हे मान्य नाही, असं म्हणाले?"

नवऱ्याने आठवून पाहिलं. "तेवढ्यात जेवणाची सुट्टी झाली."

"आणि खाली सही तुझी आहे."

"मी तपासूनच सही केली. बैठक अकरा वाजता सुरू झाली असं लिहिलं होतं, ते मी अकरा वाजून चार मिनिटं असं दुरुस्त करून घेतलं."

फाईलमध्ये अशी सतरा 'मान्य' निघाली. सही झालेलं इतिवृत्त म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. चार वर्षांपूर्वीच यांनी सगळं देऊन टाकलं होतं आणि त्यानंतर चार वर्षं तेच मागत बसले होते. कंपनीच्या एकाही साहेबाने जुनी इतिवृत्तं उघडून पाहिली नव्हती, म्हणून भिजत घोंगडं अजून भिजत होतं. नवऱ्याचा चेहरा असा उतरला, की मला रागवायचंही सुचेना.

त्याने अध्यक्षांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी फोन मला द्यायला सांगितलं.

"वहिनी, हे आणखी कुणी वाचलंय?"

"मी वाचलं. मी कुणाला सांगणार नाही. पण तुम्ही आता करणार काय?"

"करणार काय," ते म्हणाले, आणि माझा प्रश्नच परत म्हटला की काय ते मला कळलं नाही.

गुरुवारी दुपारी नवऱ्याचा फोन आला. आवाज उत्साहात होता. नव्या बाई म्हणे फार झटपट निघाल्या. आल्या आल्या म्हणाल्या, सहा वर्षं पुष्कळ झाली, जुनी इतिवृत्तं काढा, जे ठरलंय त्यावर आजच सह्या करून टाकू. त्यावर अध्यक्ष उठून उभे राहिले आणि म्हणाले, इतक्या महत्त्वाच्या विषयात घाई बरी नाही. सहा वर्षं 'लवकर करा' म्हणून ओरडणाऱ्या आठ वैमानिकांनी माना डोलावल्या. एकाने तर बैठक हॉटेलात घ्यावी अशी सूचना मांडली.

"वाचलो गं थोडक्यात," नवरा म्हणाला. "पुढची तारीख तीन महिन्यांनी घेतली. ती आणखी लांबवता येईल."

"आणि माझं उद्याचं?"

"तू पण थोडी मुदत मागून बघ ना."

मी फोन ठेवला. मला वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त राग आला, स्वतःचासुद्धा. सहा वर्षं मी ज्या सह्यांची वाट पाहत होते त्या होऊ नयेत, म्हणून आता हाच माणूस जिवाचं रान करणार होता. शुक्रवारी साडेदहा वाजता मी 'बढती स्वीकारत आहे' असं लिहून सही केली.

पुढच्या आठवड्यात तो त्याच्या सहा दिवसांसाठी घरी आला. स्वयंपाकघरात खोकी बांधून ठेवली होती. मुलीच्या शाळेचा दाखला काढून झाला होता. सासूबाईंनी आपली पेटी आधीच भरली होती, कारण त्यांच्या मते घर म्हणजे जिथे सून असेल ते.

"आपण यावर बोलायला हवं होतं," तो म्हणाला.

"आपण सहा वर्षं बोललो."

तो खोक्यावर बसला. भांडेल असं वाटलं होतं, पण भांडला नाही. एवढंच म्हणाला, "कलम नऊसाठी आम्ही सगळ्यांच्या घरांची यादी दिली आहे, त्यात माझं घर म्हणून याच शहराची नोंद आहे. बोलणी चालू असेपर्यंत यादीत बदल करता येत नाही."

"मग बोलणी लवकर संपवा."

"संपली तर कलमच जाईल."

मुलीने त्याच्या पुढ्यात पाण्याचा पेला ठेवला. तो प्यायला नाही. माझ्याकडे बघून त्याने हळूच विचारलं, "मग सुट्टीत मी कुठे येऊ?"

मी त्याला नवा पत्ता लिहून दिला आणि विमानतळावरून कुठली बस पकडायची, कुठल्या थांब्यावर उतरायचं, तेही खाली लिहिलं.