महिपतचं अगत्य

एकतीस सालच्या आश्विनात मी चार दिवस महिपतच्या शेताच्या बांधावर तिपाईवर कॅमेरा लावून, डोक्यावरून काळं कापड घेऊन उभा होतो. आत जीव नुसता उकडून निघत होता. भात पिकलं की सुगरण पक्ष्यांचे थवे उतरतात म्हणे! थवे राहू देत, साधी चिमणीसुद्धा फिरकली नाही. मुंबईहून मागवलेल्या फोटोच्या सहाही काचा कोऱ्याच्या कोऱ्या.

महिपत मात्र रोज न चुकता शहाळं आणून देई, वर गरम घावणे. "उद्या पन या हां, मास्तर!" त्याच्या या अगत्यापायीच मी टिकून होतो.

पाचव्या दिवशी माझं डोकं फिरलं. "चुलीत गेली ती पाखरं!" म्हणत मी कॅमेरा पेटीत कोंबला.

महिपत गयावया करू लागला. "असां नका करू, मास्तर. तुमी उभे राहिल्यापासून एक पाखरू भाताला शिवलां नाय. कापणीला आठ दिवस आहेत अजून."

मी पेटी उचलली.

"बरां, तुमी जावा," तो म्हणाला, "पन ती तिपाई नि काळा फडका तेवढा ठेवा."