सुतकातला व्हिडिओ

साधनाचे वडील, खंडेराव अण्णा, गेल्याला आठवा दिवस होता. घरची चूल बंदच होती. शेजारून कुणी ना कुणी पिठलं-भाकरीचा डबा आणून ओट्यावर ठेवी, घटकाभर टेके आणि न बोलता उठून जाई. ना कुणी आभार मानी, ना जाणारी ‘येते’ म्हणे. सुतकाच्या घरातून निघताना तसं म्हणू नये, म्हटलं तर मरण पुन्हा दारी येतं, हे मखमलाबादच्या मळ्यांमधल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक.

साधनाचं अर्धं मन मात्र शुक्रवारात अडकलं होतं, आणि त्याची तिला लाज वाटत होती. बाप जाऊन आठ दिवस झाले नाहीत तोच पोरगी फीचा विचार करते! पण शुक्रवारी फीची मुदत संपत होती. फी भरल्याशिवाय परीक्षेला बसता येणार नव्हतं, आणि ही बी. एस्सी.ची शेवटची परीक्षा होती. ‘झेंडू निघाला की भरू,’ असं अण्णा म्हणाले होते. झेंडू निघाला, पण कोरोनाने देवळं बंद, लग्नं पंचवीस माणसांत. तोडलेली फुलं बांधावर कुजली, उरलेली तोडलीच नाहीत. हाताशी होतं नव्हतं ते दवाखान्याने नेलं.

कॉलेजने संकटातल्या मुलांसाठी मदतनिधी काढला होता. ते काम कुणी घेईना, म्हणून संख्याशास्त्राच्या प्रफुल्ल सरांच्या गळ्यात पडलं होतं. साधनाचं नाव त्यांनीच दिलं. सकाळी त्यांचा फोन आला, “घरी येऊन जातो गं.”

ते आले. भेटायलाच आले असतील, असं समजून नवसाबाई आजीने गोणपाट अंथरलं. सर मास्क सारखा करत बसले. मग साधनाकडे वळून ते हळूच म्हणाले,

“ते देणगीदार आहेत ना, त्यांना एक छोटा व्हिडिओ हवाय. कोण मुलं आहेत, काय परिस्थिती आहे, असा. म्हणजे पुढेही मदत मिळत राहील. मिनिटभराचाच.”

“आत्ता?”

“आज पाठवायचाय. बाकीच्या मुलांचे गेले.”

साधना उठून भिंतीशी उभी राहिली. तिने कॉलेजात वक्तृत्वाची बक्षिसं मिळवली होती. सरांनी मोबाईल वर धरला तशी तिची मान आपोआप ताठ झाली. “नमस्कार, मी साधना,” इतकं ती स्वच्छ म्हणाली.

“साधना,” सर मोबाईलमागून म्हणाले, “जरा... हसू नकोस.”

आपण हसतोय हे तिला तोवर कळलंच नव्हतं.

“काय चाललंय, मास्तर?” आजीने विचारलं.

सरांनी सांगितलं. अडखळत, पण सगळं खरं सांगितलं. साधनाची आई दाराआड उभी होती. तिने पदर तोंडाला लावला. आजीने ओट्यावरच्या डब्याकडे बोट केलं.

“ह्यो डबा पल्याडच्या लताबाईनं आणलाय. तिलाबी बोलवू का? तिचंबी शूटिंग करा. पोरगी भाकर हातात धरून आभार मानंल.”

“आजी,” साधना म्हणाली.

“नाय, लय बेस दिसंल.”

सरांचे कान लाल झाले. मोबाईल खिशात घालताना तो एकदा त्यांच्या हातून निसटला. ते उठले, चपला पायात सरकवल्या आणि त्या गडबडीत, रोजच्या सवयीने बोलून गेले, “बरं, येतो.”

दाराआडून आईचा हुंदका आला. तिचा सख्खा भाऊ अजून दवाखान्यात ऑक्सिजनवर होता. सर दारातच थबकले. आपण काय बोललो ते त्यांना कळलं होतं, पण बोललेलं मागे कसं घ्यायचं ते कळत नव्हतं. शेवटी ते तसेच खाली मान घालून निघून गेले.

साधना त्यांच्यामागे धावली. बांधावर गाडीपाशी तिने त्यांना गाठलं.

“सर, इथे काढा व्हिडिओ.”

“नको गं. माझंच चुकलं. हे असं विचारायलाच नको होतं.”

“मग फी कोण भरणार? आजी?”

सरांनी तिच्याकडे पाहिलं.

“आजीचं बरोबर आहे, सर. पण ती बोलून मोकळी झाली. परीक्षा मला द्यायचीय.”

सरांनी मोबाईल काढला. साधना न तोडलेल्या झेंडूच्या काळवंडलेल्या वाफ्यांपुढे उभी राहिली.

“माझे वडील गेल्या आठवड्यात गेले. मी शेवटच्या वर्षाला आहे. शुक्रवारपर्यंत फी भरायची आहे, ती आमच्याकडे नाही.” ती थांबली. पुढे आभाराचं वाक्य होतं. तिने दोनदा तोंड उघडलं. तो शब्द जिभेवर येईना. अण्णा कुणाचे आभार मानत नसत आणि कुणाला मानू देत नसत, असं काहीबाही तिच्या मनात येऊन गेलं. “एवढंच,” ती म्हणाली.

“पुरे,” सर म्हणाले. “आहे तसाच पाठवतो.”

“चालेल त्यांना?”

“माहीत नाही.”

पुढचा दिवस तिने कसा काढला ते तिलाच ठाऊक. सरांमागे धावली म्हणून आजी तिच्याशी बोलली नाही. गुरुवारी, दिवस कलताना सरांचा निरोप आला. फी भरली गेली होती, पावती सोबत होती. देणगीदारांना व्हिडिओ चालला, की सरांनी आणखी काही खटपट केली, हे त्यात नव्हतं. साधनानेही विचारलं नाही.

ती आत गेली आणि आजीपुढे बसली. लपवून ठेवण्यात अर्थ नव्हता.

“मी केला तो व्हिडिओ. बांधावर.”

आजी वाती वळत होती. तिचे हात थांबले.

“रडलीस का त्यांच्यापुढं?”

“नाही.”

“हात जोडलेस?”

“नाही. फी पाहिजे म्हटलं, बस.”

आजीने वाती बाजूला सारल्या आणि अण्णांसाठी तेवत ठेवलेल्या दिव्याजवळची जागा पदराने पुसली.

“इथं बस पुस्तक घेऊन,” ती म्हणाली. “तिकडं उजेड नाय.”