पंचफुलेच्या काखेतली राखणदारीण

मी पंचफुलेच्या डाव्या काखेतली पेशी बोलतेय. हसू नका, माझा पत्ताच तसा आहे त्याला मी काय करू! देवीचा रोग एकदा ओळखला की जन्मभर विसरायचा नाही, एवढंच आम्हा स्मृतिपेशींचं काम. बाकी वेळ नुसत्या बसून खातो.

माझा जन्म १९३७ सालचा, अकोल्याजवळच्या खेड्यातला. पंचफुला तेव्हा दोन वर्षांची होती. देवी टोचणारा आला आणि तिच्या दंडावर दोन ठिकाणी टोचून गेला. त्याची पाठ वळताच तिच्या आईनं, मैनाबाईनं, देवी कोपेल म्हणून पदरानं लस पुसून टाकली. घाईत एक जागा राहिली. तिथं एकच फोड उठला, आणि त्याच्यापायी जवळच्याच काखेतल्या गाठीत मी जन्माला आले.

पुढची वीस वर्षं मजेत गेली. माझ्या बरोबरीच्या कित्येकजणी संपल्या. मी मधूनमधून माझ्यासारखीच एखादी घडवत टिकून राहिले. आता मी तीच की तिची लेक, हे मलाही सांगता यायचं नाही.

१९५७ च्या उन्हाळ्यात मूर्तिजापूरहून निरोप आला. थोरल्या बहिणीच्या, इंदूच्या, सात वर्षांच्या ललिताला देवी आल्या होत्या. इंदू नुकतीच बाळंत झालेली. पंचफुला निघाली, तशी मैनाबाई दारात आडवी झाली.

"जाऊ नको वं माय! तुले अर्धीच टोचली हाये. मीच पुसली होती या हातानं. तवा मले भेव वाटलं."

पंचफुलेनं दंडावरचा वण पदराखाली झाकला. मग म्हणाली, "अर्धी त अर्धी. ललितापाशी कोन बसन?"

खरं सांगते, मीही घाबरले. वीस वर्षांत एकदाही काम पडलं नव्हतं. ओळखताच नाही आलं तर? पण ललिताच्या उशाशी बसल्याच्या चौथ्या दिवशी श्वासाबरोबर देवीचा तो मेला विषाणू आत शिरला आणि मी त्याला तिथंच ओळखलं! एकीच्या हजारजणी झालो. पंचफुलेला दोन दिवस कणकण आली, अंगावर फोड एकही नाही. ललिताच्या गालांवर वण राहिले, पण पोरगी वाचली.

गावानं पंचफुलेच्या हिमतीचं कौतुक केलं. करायलाच हवं होतं. मी जागी आहे हे तिला कुठं ठाऊक होतं?

आता १९६५ साल आहे. पंचफुलेच्या मांडीवर तान्ही लेक आहे. तिला आईचं नाक मिळालं, हट्टही मिळाला. मी मात्र मिळत नाही. मी पंचफुलेबरोबरच जाणार.

म्हणून पंचफुले, बाई, उद्या टोचणारा येतोय, तर शेतात जाऊ नकोस. पोरीला घेऊन घरी थांब. तिच्याही काखेत कुणीतरी जन्माला येऊ दे.