रुमाल टाकलेला रस्ता

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो. जबलपुरात, अधारतालच्या एका संशोधन केंद्रात एसीच्या गारव्यात माझी सारी हयात गेली. मोठी गणितं मी स्वतः करत नसे. इतरांच्या कामांची पाळी लावून देणं हेच माझं काम.

गणित अवाढव्य असलं की दूरच्या शहरातला ताकदवान संगणक लागतो. शिवाय माहिती तिथवर न्यायला काचेच्या तारेतली प्रकाशाची वाट लागते. दोन्ही एकाच वेळी मोकळी हवीत, नाहीतर वरात दारात आणि हॉलला कुलूप, अशी गत होते. मी आलो त्या दिवशी मला कुंकू लावून नारळ फोडला होता. तो मान मी अजून विसरलेलो नाही.

मला राग एकाच गोष्टीचा येई. केंद्राचे प्रमुख श्रीपाद सर तसे सज्जन, पण लागो न लागो, ते प्रकाशाची वाट दिवसभर आपल्या नावावर धरून ठेवत. त्यांचं पाहून बाकीचेही धरू लागले. वाट रिकामी आणि माझ्या दारात कामांची रांग. मला आज्ञा मोडता येत नव्हती, म्हणून मी आतल्या आत धुमसत असे.

अशातच एका ढगाळ थंडीत केंद्रात पिकांच्या रोगांवर संशोधन करणाऱ्या क्षमाताईंचं काम आलं. मटारच्या पानांचे फोटो आणि हवामान ताडून भुरी रोग कोणत्या गावांत पसरेल, ते काढायचं होतं. संध्याकाळपर्यंत गावांना कळलं तरच फवारणी वेळेत होणार होती, नाहीतर शेंगा हातच्या जाणार. दूरचा संगणक मोकळा होता. अडली होती ती फक्त वाट. माझा जीव कासावीस झाला.

"अंबरीश भैया, माझं काम काहून अडून राहिलं?" क्षमाताईंनी विचारलं.

अंबरीश माझी देखभाल करत. ते म्हणाले, "दीदी, रस्ता सरांच्या नावावर आहे. पण त्यातून काहीच जाऊन नाही राहिलं."

ताई थेट सरांनाच घेऊन आल्या. "सर, हा तर बसच्या सीटवर टाकलेला रुमाल झाला," त्या म्हणाल्या.

सर माझ्या पडद्याकडे पाहून ओशाळले. "अच्छा, मी तर धरून विसरूनच गेलो. चलो, सोडा आधी. आणि अंबरीश, जो वापरणार नाही त्याची जागा आपोआप सुटली पाहिजे. माझीसुद्धा."

मी क्षणात वाट जोडून दिली. दिवस मावळायच्या आत उत्तर आलं आणि ताई गावोगाव फोन लावत बसल्या. त्या हंगामात अधारतालच्या रस्त्यावर मटारच्या हातगाड्या भरभरून उभ्या होत्या, असं अंबरीश सांगत. मला फार बरं वाटलं.

पुढे माझं काम नव्या संगणकाकडे गेलं. मला बंद करून ठेवलं आणि मी नुसती जागा अडवू लागलो. अंगावर धूळ आणि सरांनी चिकटवलेली चिठ्ठी: 'राहू द्या, लागेल.'

परवा क्षमाताईंनी ती वाचली आणि हसू दाबत म्हणाल्या, "सर, हा पण रुमालच आहे."

सरांनी स्वतःच्या हातांनी चिठ्ठी काढली. आता मी महाराजपूरच्या शाळेत, तुमच्याकडे येतोय. मित्रांनो, मला जपा, पण कापड घालून झाकून ठेवू नका. धूळ पुसा आणि मला काम सांगा.